घुमटाखालचा आवाज

"कोणी राहिलंय का?" हा प्रश्न बाबांऐवजी तिने ओरडून दाखवायचा, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती.

बाबा नगरभवनाचे रखवालदार. रोज संध्याकाळी ते घुमटाखाली उभे राहून हेच ओरडत, आवाज विरेपर्यंत थांबत आणि मगच पितळी दारांना कुलूप घालत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ती ऐसपैस इमारत. संगमरवरी जिना, चार जणींच्या कवेत न मावणारे खांब आणि उंचावर घुमटाला वळसा घालणारा सज्जा. सज्ज्याचा जिना खचला होता, म्हणून उद्या गवंडी त्याचं दार विटांनी बुजवणार होते.

"ओरड की, वाघीण!" मैत्रिणी खिदळल्या.

ती छाती फुगवून ओरडली. प्रश्न घुमटाभोवती फिरून खाली आला.

"मी राहिलेय!" तिने उगीच ठोकून दिलं.

हे मात्र परत आलं नाही; जणू वर कोणीतरी ते ठेवून घेतलं.

मग, खाली कोणी तोंडही उघडलेलं नसताना, सज्ज्यातून तोच प्रश्न आला. आवाज लहान मुलीचा होता, रडून रडून बसलेला.

मैत्रिणी धूम पळाल्या. बाबा किल्ल्या चाचपत राहिले.

"बाबा, हा आवाज रोज येतो?"

"तू जन्मायच्या आधीपासून," ते खालमानेने म्हणाले. "मी कधी उत्तर दिलं नाही गं."

रात्री घरी जेवताना तिने हातातला घास खाली ठेवला.

"आई, बाबा, मी तिला उत्तर दिलंय. उद्या गवंडी यायच्या आत मी वर जाणार आणि तिला घरी घेऊन येणार."