वाकड्या चांदण्या

"ही बी वाकडी." आफताबनं नुकतीच झालेली चांदणी धाकट्या भावाच्या नाकासमोर नाचवली आणि कोपऱ्यातल्या भंगारात भिरकावली. लोखंडी खिळे एकाला एक जोडून केलेल्या या चांदण्या दिवाळीत लोकांच्या दारावर टांगायच्या होत्या. शेळगावच्या रोहिणीताई दुपारी टेम्पो घेऊन न्यायला येणार होत्या. आणि सद्दामच्या हातून सकाळपासून वेल्डिंगचा एकही टाका सरळ पडत नव्हता.

मुळात ही खेळणी करायचं आफताबच्या मनातच नव्हतं. इंदापूरच्या बायपासला त्यांची शेड बापाच्या काळापासूनची. उसाच्या ट्रॉल्या, गेट, पत्र्याचे दरवाजे हे त्यांचं काम. सद्दामनं न विचारता रोहिणीताईंना शब्द देऊन टाकला. काल हे कळलं तसा आफताबचा पारा चढला. आपला वेल्डिंगचा मास्क त्यानं भिंतीवर फेकून मारला. "एवढी ऑर्डर झाली की आपण वेगळं. तू तुझी वाट धर," असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावून तो तडक घरी निघून गेला. रात्री त्याला जेवण गेलं नाही, पण शब्द काही त्यानं मागं घेतला नाही.

आज दोघं समोरासमोर उकिडवे बसले होते. आफताबनं पक्कडीत खिळे धरायचे, सद्दामनं रॉड टेकवून टाका घालायचा. टाका घालताना दोघांच्याही तोंडावर मास्क, त्यामुळं एकमेकांचं थोबाड बघावं लागत नव्हतं, तेवढंच बरं.

कामाला हात लावता लावताच सद्दाम उठला होता. "बाजारातनं जाऊन येतो, भाई. आत्ता दुकान उघडंल."

"ऑर्डर पुरी झाल्याबिगर जागचं हलायचं न्हाय," आफताब गुरकावला. सद्दाम परत खाली बसला.

तेव्हापासून हे नाटक चालू होतं. टाका कधी खिळ्याच्या अलीकडं, कधी पलीकडं. एकदा तर रॉड पक्कडीलाच जाऊन चिकटला. मधूनच साहेब उठत, माठातलं पाणी तोंडावर मारत आणि डोळे चोळत परत येऊन बसत. इंदापुरात सद्दामसारखा सफाईदार हात कुणाचा नाही, असं लोक म्हणत. आफताबही म्हणायचा, फक्त सद्दामच्या माघारी. म्हणजे हा मुद्दाम करत होता. वेगळं काढतो म्हणालास ना, मग घे, रोहिणीताईंसमोर तुझं नाकच कापतो, असा याचा डाव. आफताबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाच्या मागं ज्याला हाताला धरून हे काम शिकवलं, तोच आज उलटला होता.

"जरा बघून टाका घाल," तो म्हणाला. "परत वाकडा गेला तर ही पक्कड घालीन डोक्यात."

सद्दामनं नवा रॉड लावला.

आफताबनं नवे खिळे धरले. दोघांनी मास्क खाली ओढले. या खेपेला आफताबनं खिळ्यांकडं बघितलंच नाही. त्याला भावावर नजर ठेवायची होती. मुद्दाम हात हलवताना सापडला असता, तर आज त्यानं त्याला खरोखरच सोडलं नसतं.

ठिणगी पडली. त्या लख्ख उजेडात त्याला आपल्या काळ्या काचेतून समोरचा मास्क दिसला. काचेच्या जागी नुसती मोकळी चौकट होती, आणि त्या चौकटीत सद्दामचे डोळे घट्ट मिटलेले होते.

टाका पुन्हा वाकडा पडला. सद्दाम मास्क वर सारून, मान खाली घालून शिव्यांची वाट बघत बसला. त्याच्या पापण्या सुजून लाल झाल्या होत्या. आफताबनं पक्कड खाली ठेवली.

"तुझी काच कुठं हाय?"

"तुमची काल फुटली, भाई," सद्दाम म्हणाला. "माझी तुमच्या डोळ्यावर हाय."