नंबर लागलेली खोली

खिळा तनुजानंच ठोकला. किशनराव खाली स्टूल धरून उभे होते आणि "जरा डावीकडं, जरा वर" असं सांगत होते. पांढऱ्या कोटातल्या पुनमचा फोटो भिंतीवर सरळ बसला. त्याखाली कागद चिकटवला होता, 'याच खोलीतून एमबीबीएस'.

पुनम ही किशनरावांची पुतणी, नांदेडला डॉक्टरकी शिकते. या खोलीत ती आयुष्यात एकदाच आली होती, वास्तुशांतीच्या जेवणाला. इथं अभ्यास करून दोनदा नीटची परीक्षा दिली ती त्यांच्या स्वतःच्या लेकीनं, तनुजानं. दोन्ही वेळा तिचा नंबर लागला नाही.

लातूरला खोली भाड्यानं द्यायची तर रंग, पंखा, पाणी एवढ्यावर भागत नाही. नीटच्या पोरांचे आईबाप आधी विचारतात, "इथल्या कुणाचा नंबर लागला?" क्लास सुरू व्हायच्या आठवड्यात खोली गेली तर गेली, नाहीतर वर्षभर कुलूप. किशनरावांनी भिंती रंगवल्या, नवं टेबल आणलं, खिडकीला जाळी बसवली. तरी तीन कुटुंबं तोच प्रश्न विचारून जिना उतरून गेली. या भाड्यावर तनुजाचं कॉलेज चालायचं होतं, त्यामुळे किशनरावांचा जीव टांगणीला लागला होता.

समोरच्या बसलिंगप्पांच्या सहाही खोल्या मात्र दोन दिवसांत भरल्या. त्यांच्या जिन्यात डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो ओळीनं लावलेत. "तुमीबी लावा की एखादा," बसलिंगप्पा म्हणाले होते. "कोण चौकशी करून राहिलंय?"

किशनरावांनी स्टूल उचललं. "आन् पाहुणे आले की तू वर येऊ नको," ते लेकीला म्हणाले. "लोक काहीबाही विचारतेत."

"हाव, आप्पा," तनुजा म्हणाली आणि हातोडी घेऊन खाली गेली. तिला वाईट वाटलं असेल तर तिनं ते दाखवलं नाही. किशनरावांना मात्र वाटलं, आणि ते त्यांनी गिळून टाकलं.

दुपारी देगलूरहून शिवकांताबाई आल्या. सोबत लेक दिपाली, यंदाची रिपीटर, नीट दुसऱ्यांदा देणारी. शिवकांताबाईंनी खोलीकडं नीट पाहिलंसुद्धा नाही, त्या थेट फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फक्त हात जोडायचे बाकी होते. "बघ गं दिपाली, अशी जागा पायजे." दिपाली आपल्या चपलांकडं बघत होती. सकाळपासून पाच खोल्या झाल्या होत्या आणि पाचही ठिकाणी तिला असेच फोटो दाखवले गेले होते.

शिवकांताबाईंनी नळ सोडून बघितला. दोन थेंब आले आणि थांबले. किशनराव गडबडले. तेवढ्यात खालून आवाज आला, "आप्पा, मोटार लावलीय! आता बघा!" आणि नळाला धो धो पाणी आलं.

"कोण हो?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"आमची पोरगी."

तेव्हा दिपाली पहिल्यांदा बोलली. "ती कुठं शिकली, काका?"

परगावी होती, होस्टेलला, असं म्हणून सहज भागलं असतं. तीच थाप किशनरावांच्या ओठावर होती. पण जिच्या कॉलेजसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच आपण खाली लपवून ठेवलंय, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. स्वतःचीच लाज वाटली.

"ह्याच खोलीत," ते म्हणाले. "दोनदा परीक्षा दिली, नंबर न्हाई लागला. फोटोतली पोरगी इथं एक दिवसबी राहिली न्हाई. मी खोटा लावला तो फोटो."

शिवकांताबाई फोटोकडून त्यांच्याकडं वळल्या. "मंग आता काय करती तुमची पोरगी?"

"बी.एस्सी. करती. गल्लीतल्या लेकरांची गणितं घेती. रातच्याला आम्ही सगळे संगं जेवायला बसतो, तवा लई हसवती. चांगली हाय पोरगी." हे त्यांनी आजवर कुणासमोर म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर छाती हलकी झाली.

शिवकांताबाईंनी पिशवी उचलली. "खरं सांगितलंत भाऊ, बरं वाटलं. पण हिचं हे दुसरं वर्ष हाय. हिच्या बाबांनी बजावून पाठवलंय, नंबर लागलेलीच खोली बघा म्हणून."

किशनरावांनी मान डोलावली. आणखी एक गिऱ्हाईक गेलं होतं. वाट दाखवायला ते जिन्याकडं निघाले.

दिपाली जागची हलली नाही. तिनं खांद्यावरचं दप्तर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आई, हीच घ्यायची," ती म्हणाली. "निकाल लागल्यापासून बाबा माझ्यासंगं जेवायला बसले न्हाईत."