जेनोवाला जाऊन आलो

“खोली बंदराकडे तोंड असलेलीच घ्यायची,” नीवेस जिन्यात उभी राहून सांगत होती. “सकाळी खिडकी उघडली की समोर जहाजं! न्याहारीला फोकाच्चा पाव, तोही कॉफीत बुडवून, तिकडचे लोक खातात तसा. शनिवारी मत्स्यालय, रविवारी होडीतून फेरी, की संध्याकाळच्या गाडीनं परत.”

बायका कान देऊन ऐकत होत्या. ऑगस्टच्या मध्यावरची सुट्टी आली की बिएल्लातलं कुत्रंसुद्धा गावात थांबत नाही, आणि थांबलंच तर त्याची चौकशी होते. “तुम्ही नाही का कुठं गेलात?” हे ऐकण्यापेक्षा माणूस दाढ उपटून घेईल.

खालच्या मजल्यावरच्या एर्सिलियाबाई तेवढ्या गप्प होत्या. विधवा, एकट्या राहणाऱ्या. एरवी त्यांच्या तोंडी सदानकदा जेनोवाचा भाऊ, तुल्यो. बंदराच्या वरच्या अंगाला त्याचं घर, गच्चीत बसलं की खाली जहाजं. दर नाताळात तो यायला निघतो आणि दर नाताळात काहीतरी आडवं येतं. अख्ख्या इमारतीला तुल्यो पाठ होता.

“मग तुमच्या तुल्योंना भेटूनच येऊ की, सिन्योरा!” नीवेस बोलण्याच्या भरात म्हणून गेली.

“छे गं, कशाला उन्हातान्हाचं? चढ फार आहे तिथं. आणि तो घरी सापडेल याचा काही नेम नाही.”

“वा! जेनोवापर्यंत जायचं आणि तुमच्या भावाला न भेटता यायचं? लोक काय म्हणतील?”

लोक आजूबाजूलाच उभे होते. एर्सिलियाबाईंनी मान डोलावली.

शुक्रवारी त्या हेझलनटचा केक घेऊन वर आल्या, फडक्यात बांधलेला, अजून कोमट. “बंदरामागचा चढ चढलीस की कुणीही घर दाखवेल. म्हणावं, बहिणीची आठवण ठेव. पण नाही सापडला तर शोधत बसू नकोस हं, पोरी.”

दार लावलं आणि नीवेसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेनोवाला कुणी जाणारच नव्हतं. नवरा एल्वियो कामाला होता ती लोकरीची गिरणी वसंतातच बंद पडली होती. तरी तो रोज सकाळी कामावर निघाल्यासारखा निघायचा आणि नदीकाठी बसून परत यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं म्हणणं होतं.

शनिवारी सकाळी दोघं सगळ्यांच्या देखत बॅग ओढत स्टेशनवर गेले. बाकावर बसून त्यांनी जेनोवाची गाडी सुटताना पाहिली. दुपारी सगळी इमारत जेवायला बसली, तेव्हा तळघराच्या दारानं ते गुपचूप घरात शिरले. खिडक्यांच्या झडपा सकाळीच लावून घेतल्या होत्या.

मग त्यांची सहल सुरू झाली. चालायचं ते मोज्यांवर. बोलायचं ते कानात. वरच्या मजल्यावर कुणी संडासात पाणी ओढलं की तेवढ्यात आपलंही ओढून घ्यायचं. वास जिन्यात जाईल म्हणून कॉफीसुद्धा बंद. समुद्रावरून आलेला माणूस पांढराफटक कसा दिसेल, म्हणून एल्वियो झडपेच्या फटींतून येणाऱ्या उन्हात तोंड धरून बसला आणि त्याच्या गालांवर पट्टे उमटले.

“समुद्र कसा वाटतोय?” तो कुजबुजला.

“गप बस.” तिला हसू येईना.

रविवारी दुपारी पाव संपला. घरात खायला काही उरलं नाही, आणि बाहेर पडायची सोय नव्हती. एल्वियो फडक्याची गाठ सोडायला लागला.

“हात लावू नकोस! त्यांच्या भावाचा आहे तो.”

“अगं, केक येणार आहे हे त्या भावाला तरी कुठं माहीत आहे?”

त्यानं सुरी घेतली. नीवेसनं आधी तोंड फिरवलं, मग हात पुढं केला. खाता खाता ती रडत होती. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. एका म्हाताऱ्या बाईनं भावासाठी केलेला घास आपण पळवला, आणि वर दुसरा तुकडाही मागून घेतला.

“नव्हते घरी, एवढंच सांग,” एल्वियोनं बजावलं. “केक शेजारी ठेवून आलो म्हण.”

संध्याकाळी ते तळघरातून बाहेर पडले आणि बॅग ओढत पुढच्या दारानं इमारतीत आले. पट्टे झाकायला टोपी खाली ओढून एल्वियो भराभर वर गेला. एर्सिलियाबाई दारातच उभ्या होत्या, जणू दोन दिवस तिथून हलल्याच नव्हत्या.

“आलीस? तुल्यो घरी नसेलच, नाही का?” त्यांनी घाईघाईनं विचारलं. “मी म्हटलंच होतं तुला.”

नीवेसनं त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हटलं की सुटका होती. पण केकची चव अजून जिभेवर होती. निदान या बाईला दोन बरे शब्द तरी द्यावेत, असं तिच्या मनानं घेतलं.

“होते की! जेवायलाच ठेवून घेतलं आम्हाला. गच्चीत टेबल मांडलं होतं. केक बघून तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.”

एर्सिलियाबाई हळूच पायरीवर बसल्या.

“रडला?”

“लहान मुलासारखे. फडकं छातीशी धरून बसले होते. म्हणाले, बहिणीच्या हाताची चव जगात कुठं नाही. आणि या नाताळात नक्की येणार आहेत.”

एर्सिलियाबाईंनी पायरीवर सरकून जागा केली. मग त्यांनी नीवेसचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि जिन्यात कुणी नाही ना, ते पाहिलं.

“मी आईबापांची एकुलती एक आहे, पोरी,” त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. “सांग ना, आणखी काय म्हणाला माझा भाऊ?”