अर्धा कातळ

ठकूबाईच्या ओट्यावर बसून फॉरेस्टच्या साहेबांनी नोटीस वाचून दाखवली. सिंहपुच्छ माकडांसाठी जंगल बंद. आजपासून दगडफूल खरवडायला कुणीही आत जायचं नाही.

ही माकडं साहेबांना तिनंच दाखवली होती, दोन पावसाळ्यांपूर्वी, मोठ्या कौतुकानं.

"यंदाच्या मोजणीत त्रेचाळीसच भरली, मावशी. दगडफुलाचं काय, ते कुठल्याही दगडावर उगवतं."

"उगवतं, पण खरवडल्यावर पुन्हा धरायला धा वर्षं लागतात. म्हणून आम्ही अर्धा कातळ खरवडतो, अर्धा राखतो. सासूनं शिकवलंय."

साहेब हसले. नोटीस दाराला चिकटवून झाल्यावर हळूच म्हणाले, "घरी काळा मसाला करायचाय. जुनं थोडं शिल्लक असेल तर द्या ना."

तिनं आतून मडकं आणलं आणि कागदावर उपडं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं अर्धं राखलं नाही. पुडी बांधून त्यांच्या हातात देताना तिनं विचारलं, "साहेब, ह्या वाडीत आमची बावीस घरं होती. आता सातच उरलीत. आम्हाला मोजायला कधी येताय?"