वरच्या पंखाचं, खालच्या पंखाचं

"वरच्या पंखाचं नकोच," नानासाहेब म्हणाले. "छपराखाली बसल्यागत वाटतं. हे खालच्या पंखाचं बघा, इवाई. पंखावर पाय देऊन चढायचं. फोटो कसा येईल!"

चिकलठाण्याच्या विमानतळाच्या कोपऱ्यात दोन वापरलेली विमानं शेजारीशेजारी उभी होती. वरच्या पंखाचं सेसना, खालच्या पंखाचं पायपर. दोन्ही एका इंजिनाची, चार माणसांची. ती विकायला आणलेले कॅप्टन मधुसूदन मघापासून दोन्हींचे गुण सांगून दमले होते. कोणतं किती पेट्रोल खातं, कोणतं किती धावून उचलतं, सुटे भाग कुठं मिळतात. नानासाहेबांनी विचारलं होतं ते एवढंच, की शेंद्र्यावरून जाताना आत कोण बसलंय ते खालच्या लोकांना दिसतं का.

शेंद्र्याची जमीन कारखान्यांना गेल्यापासून नानासाहेबांना वेळच वेळ होता. त्यात फुलंब्रीच्या इवायांनी, म्हणजे व्याही आप्पासाहेबांनी, पोराची वरात हेलिकॉप्टरनं आणली. पण ते पडलं भाड्याचं. नानासाहेबांना घरचं पाहिजे होतं. घरून गाडीनं चिकलठाण्याला यायचं, आभाळात एक चक्कर मारायची, पुन्हा चिकलठाण्यालाच उतरायचं आणि गाडीनं घरी जायचं. सल्ला द्यायला म्हणून त्यांनी आज मुद्दाम आप्पासाहेबांनाच आणलं होतं. बायकोला आणलं होतं नारळ फोडायला.

सारजाबाईंना वरच्या पंखाचं आवडलं होतं. खिडकीतून थेट खाली दिसेल, मधे काही नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचं शिखर दिसेल. आज श्रावणी सोमवार. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"आधी एक फेरी मारू, मग ठरवा," कॅप्टन म्हणाले. "फक्त आपापली वजनं सांगा. चौघं म्हटलं की हिशेब काठोकाठ येतो."

"ऐंशी!" नानासाहेबांनी छातीवर हात ठेवला. "कुणालाबी विचारा. वेरूळला गूळतुला झालीया माझी. लाउडस्पीकरवर आकडा सांगितला व्हता."

"माझं अठ्ठ्याहत्तर," आप्पासाहेब म्हणाले. "आमचीबी तुलाच झालेली, दुसऱ्याच वर्षी."

"बावन्न," सारजाबाई हळूच म्हणाल्या. "गिरणीवर दळणाला गेलं की काट्यावर उभी ऱ्हाते मी."

कॅप्टननी दोघा पुरुषांच्या पोटांकडे एकदा पाहिलं. मग मोठ्या माणसांना खोटं कसं म्हणायचं, म्हणून बेरीज केली. "बसतंय," ते म्हणाले.

तुलेचा तो नवस सारजाबाईंचाच. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा त्या घृष्णेश्वराला बोलल्या होत्या, माणूस घरी येऊ दे, त्याच्या भारंभार गूळ वाहीन. तुलेच्या दिवशी त्या वाकून पारड्यात ढेपा ठेवत होत्या, आणि समोरच्या पारड्यातल्या धोतराच्या सोग्याखाली त्यांना नवऱ्याचा उजवा अंगठा दिसला. जमिनीत रोवलेला, दाबून पांढराफटक पडलेला. नानासाहेबांचं पारडं अलगद वर आलं. टाळ्या झाल्या, आकडा पुकारला गेला. त्या दिवसापासून सारजाबाईंनी गूळ सोडला. घरातल्यांना वाटलं, साखर वाढली असेल.

खालच्या पंखावर पाय देऊन फोटो निघाले. सारजाबाई आणि आप्पासाहेब मागं बसले, नानासाहेब पुढं कॅप्टनच्या शेजारी. इंजिन सुरू झालं. सगळं विमान थरथरू लागलं.

"कॅप्टनसाहेब," सारजाबाईंनी मागून विचारलं, "वजन सांगितल्यापरीस लई जास्त भरलं, तर काय व्हतं?"

"काय होणार? धावपट्टी संपते, विमान उचलत नाही."

"आन् पट्टीच्या पुढं काय हाय?"

"पुढं सरळ शेंद्रा. कारखान्यांच्या चिमण्या."

नानासाहेबांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरीत उतरला. सारजाबाई तो पाहत राहिल्या.

"थांबवा!" नानासाहेब ओरडले. "बंद करा ते! सारजा, तू उतर. उपास हाय तुझा, चक्कर यील."

इंजिन थांबलं. त्या विमानाला दार एकच, तेही नानासाहेबांच्या बाजूला. बायकोला उतरवायला आधी त्यांनाच उतरावं लागलं. त्यांच्यामागून सारजाबाई पंखावरून सावकाश खाली आल्या. पदर सारखा केला.

"मी उतरून भागंल का वो?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, आरती म्हणताना असतो तसा. "माझं बावन्न खरं हाय. तुमचा अंगठा किती किलोचा व्हता, तेवढं ह्यांना सांगा."

नानासाहेबांनी दचकून मागच्या खिडकीकडं पाहिलं. इवाई आता हसणार. संध्याकाळपर्यंत अख्खी फुलंब्री हसणार.

आप्पासाहेब हसले नाहीत. ते पट्टा सोडून, पंखाला धरून धरून खाली उतरत होते.

"इवाई, तुम्ही कशापायी उतरले?"

"तुला तिथंच केली व्हती ना आम्ही," आप्पासाहेब स्वतःच्या पायांकडं बघत म्हणाले. "अंगठ्याला जमीन लई जवळ पडती तिथं."

कॅप्टननी घसा खाकरला. "मग... कोणतं ठरलं म्हणायचं?"

सारजाबाई शेजारच्या विमानापाशी गेल्या. त्याच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

"तुम्ही दोघं तवर बाजारात जाऊन देवाचा ऱ्हायलेला गूळ घेऊन या," त्या मागं न बघता म्हणाल्या. "कॅप्टनसाहेब, वरच्या पंखाचं काढा. माझं वजन खरं हाय."