पाठीवरचं घर

ऋजुताने कमरेला संवेदनपट्टा आवळला आणि गाडीमागे जोडलेलं फिरतं घर तिच्या पाठीचाच भाग झालं. घराचं चाक खडीवर गेलं की तिची टाच दुखे. असं घर ओढण्याचा परवाना मिळाला, तरच उन्हाळ्यात पेटणारं शहर सोडून चिमुकल्या लेकीला, इराला, डोंगरावर नेता येणार होतं.

“मॅडम, आता शेवटचं रिव्हर्स. मध्येच थांबलात तर नापास हं,” शेजारी बसलेले परीक्षक लोखंडे म्हणाले.

अर्ध्या वळणावर तिला कमरेत हलकीशी लाथ जाणवली. दोन वर्षांपूर्वी पोटातून अशीच बसायची. तिने कचकन ब्रेक दाबला आणि उतरून ती मागे धावली.

फिरत्या घरातल्या पलंगावर इरा झोपेत पाय झाडत होती. तिचा बाबा निनाद धापा टाकत आला. “अगं, बाहेर ऊन म्हणून आत निजवली. मला वाटलं, तुझा नंबर जेवणानंतर!”

“नियम म्हणजे नियम, मॅडम. नापास,” लोखंडे म्हणाले. मग इराकडे बघत पुटपुटले, “माझी नात डोंगरावर धाडायची झाली, तर मात्र तुमच्याच गाडीने धाडीन. सोमवारी परत या.”

ऋजुताने पट्टा सोडला, तसं पाठीवरचं घर उतरलं. कडेवर उचलून घेतलेल्या इराला मात्र तिने खाली ठेवलं नाही.