आठ इंची पडदा

"टॅबचा टॅब आणि फोनचा फोन, ताई," दुकानदार म्हणाला. "सिम घातलं की झालं. या किमतीत दोन्ही कुठे मिळत नाही."

तिने टॅब उलटा-सुलटा करून पाहिला. पडदा आठ इंची. कॅमेरा यथातथाच, पण चेहरा नीट दिसेल एवढा. सोमवारी तिची रजा संपत होती. मग नऊ ते सहा ती प्रयोगशाळेत, आणि अकरा महिन्यांची लेक सासूबाईंजवळ. त्यांचा फोन बटणांचा. 'ठीक आहे गं सगळं' एवढं त्यावर ऐकू यायचं. पण गाल तापाने लाल झालेत का, कपाळावर टेंगूळ आलंय का, ते कसं कळणार?

"बॅटरी दिवसभर टिकेल ना?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"टिकते हो."

सासूबाईंच्या कडेवर लेक होती. त्यांनी मोकळ्या हाताने टॅब उचलून जोखला.

"ही पाटी कानाला लावून बोलायचं होय? शेजारीण म्हणेल, म्हातारीने शाळेत नाव घातलं."

"कानाला नाही, आई. समोर धरायचा. म्हणजे मला पिल्लू दिसेल."

"आणि मीही दिसेन."

"तसं नाही हो."

"असलं तरी राग नाही. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी तिसऱ्या महिन्यात कामावर गेले होते. दिवसभर जीव टांगणीला."

दुकानदार उगाचच काच पुसू लागला. मग म्हणाला, "असं करा, वापरूनच बघा." त्याने स्वतःचं सिम टॅबमध्ये घातलं, टॅब सासूबाईंच्या हातात दिला आणि तिला म्हणाला, "तुम्ही समोरच्या फुटपाथवरून व्हिडिओ कॉल लावा."

ती रस्ता ओलांडून गेली. कॉल लावला.

आधी सासूबाईंची हनुवटी दिसली. मग अर्धा कान. मग लेकीची बोटं, इतकी जवळ की सगळं गुलाबीच झालं. एक हिसका बसला, आणि मग नुसतं छत. छताला पंखा.

"आई, पंखा दिसतोय."

"दिसेल. काउंटरवर ठेवलाय."

"हातात धरा ना."

"कशी धरू? ही झेपा घेतेय. हिला दोन्ही हात लागतात." जरा थांबून आवाज आला, "तुला दाखवायची म्हणून हिला खाली ठेवू का? सांग तसं."

तिने वर पाहिलं. मध्ये एक मालाचा ट्रक येऊन थांबला होता. दुकानाचं दारही दिसत नव्हतं. तिने पुन्हा फोनकडे पाहिलं. दुकानदाराचं कपाळ पडद्यात वाकलं.

"ताई, स्टँड आहे माझ्याकडे. त्यावर लावतो, मग सगळं दिसेल."

"थांबा जरा," ती म्हणाली. "राहू द्या तसाच."

कपाळ बाजूला झालं. पंखा फिरत राहिला. पडद्याबाहेर कुठेतरी लेक खिदळली, आणि सासूबाईंचा आवाज आला, सुनेशी कधीच न बोललेल्या सुरातला.

"पडली, पडली, पडली… नाही पडली गं बाई."